सलग ऐकावा असा एकच इंडी अल्बम सांगा (नागपूरकरांनो, रविवारच्या बैठकीसाठी)

फुटाळाकाठ
नमस्कार मंडळी. धरमपेठेत आमच्या घराचा वरचा मजला सध्या रिकामा आहे, भाडेकरू गेले आणि नवीन इतक्यात ठेवायचे नाहीत. आईची परवानगी मिळाली आहे की रविवारी संध्याकाळी गाणी ऐकायला लोकांना बोलव, फक्त नऊच्या आत आवरा. तर असं ठरवते आहे की दर रविवारी एकच अल्बम लावायचा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. मध्ये फोन नाही, "हे पुढे ढकल न" नाही. झाल्यावर चहा आणि गप्पा.

इंडी रॉकच हवंय, म्हणजे बँडने स्वतःच्या जोरावर किंवा छोट्या लेबलवर (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीवर) काढलेलं. प्लेलिस्टच्या नादात आपली अख्खा अल्बम ऐकायची सवय सुटत चालली आहे आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. गाणी ज्या क्रमाने लागतात तो क्रम कोणीतरी रात्र रात्र भांडून ठरवलेला असतो हो.

माझ्याकडून पहिलं नाव आर्केड फायरचा 'फ्युनरल', २००४ चा. मॉन्ट्रियलचा बँड, मर्ज रेकॉर्ड्स हे छोटं लेबल. अल्बम करत असतानाच बँडमधल्या काही जणांच्या घरची माणसं गेली, नाव त्यावरून पडलं. पण ऐकलं तर रडगाणं नाही. 'नेबरहुड' नावाची चार गाणी आहेत, शेजारपाजार, बर्फ, वीज गेलेली रात्र, असं सगळं. आणि मग 'वेक अप'मध्ये सगळे मिळून जो आवाज लावतात तिथे शब्द नसतातच, नुसता आ. एकट्याने ऐकायचं गाणंच नाही ते. म्हणून तर माणसं बोलवते आहे.

तुमचा एक सांगा. एकच. आणि का ते पण सांगा.

तर्री_प्रेमी
चहासोबत पोहे आहेत का? असतील तर माझं नाव लिहून घ्या, अल्बम कोणताही चालेल :)

बेसवाला
जॉय डिव्हिजन, 'अननोन प्लेझर्स', १९७९. विषय संपला.

बरं, का ते सांगतो. पीटर हूकचा बेस. बाकी बँडमध्ये बेस मागे कुठेतरी गुरगुरत असतो, इथे तो पुढे येऊन चाल वाजवते. कारण पण भारी आहे, प्रॅक्टिसला गिटारचा ॲम्प इतका मोठा वाजायचा की याला खालचे सूर ऐकूच यायचे नाही, म्हणून हा वरच्या सुरांवर वाजवायला लागला आणि तीच त्याची स्टाईल झाली. मी जेव्हा बेस घेतला तेव्हा सगळे म्हणे बेस कोणाला ऐकू येते बे, गिटार घे. त्यांना मी 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' ऐकवलं.

आणि प्रोड्युसर मार्टिन हॅनेट. ड्रमचा एकेक भाग सुटा सुटा रेकॉर्ड करवून घ्यायचा, म्हणून तो ड्रम असा थंड, रिकाम्या गोडाऊनमध्ये वाजल्यासारखा येतो. फॅक्टरी रेकॉर्ड्स म्हणजे मँचेस्टरचं अगदी घरगुती लेबल. फ्युनरलच्या पंचवीस वर्षं आधीचं आहे हे, आजही जुनं वाटत नाही.

मेघा_रामदासपेठ
@बेसवाला त्याच्या कव्हरचे टी-शर्ट बर्डीच्या फुटपाथवर लटकलेले असतात न, काळ्यावर पांढऱ्या लाटा. त्या लाटा म्हणजे एका पल्सार ताऱ्याचे रेडिओ सिग्नल आहेत, पीटर सॅव्हिलने डिझाइन केलं. माझ्या भाच्याने तो टी-शर्ट नक्षी छान म्हणून घेतला होता. मी त्याला सांगितलं की हा अल्बम आहे, हेडफोन लावून दिले, आता तो अकरावीतला मुलगा मला पोस्ट-पंकचे बँड सुचवते.

माझा अल्बम स्ट्रोक्सचा 'इज धिस इट', २००१. छत्तीस-सदतीस मिनिटांत अकरा गाणी, एक मिनिट फुकट नाही. न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या स्टुडिओत गॉर्डन राफेलने रेकॉर्ड केला आणि गायक जुलियन कासाब्लांकासचा आवाज चक्क एका छोट्या प्रॅक्टिस ॲम्पमधून काढला, म्हणून तो असा चिरका, टेलिफोनवरून आल्यासारखा येतो. पैसे असताना सुद्धा आवाज मुद्दाम खरखरीत ठेवला, याला हिंमत लागते. नऊच्या आत आवरायचं असेल तर हाच लावा, दोनदा ऐकून होईल.

कोरडा_पाऊस
स्ट्रोक्स आरसीएवर होते न? मोठी कंपनी. मग नियमात कसं बसते?

मेघा_रामदासपेठ
@कोरडा_पाऊस अमेरिकेत आरसीए, पण इंग्लंडमध्ये रफ ट्रेड या छोट्या लेबलने काढला. पहिला ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) पण रफ ट्रेडचाच. रफ ट्रेडपेक्षा जास्त इंडी काय असते मग?

कोरडा_पाऊस
रफ ट्रेड म्हटलं की मला स्मिथ्स. 'द क्वीन इज डेड', १९८६. जॉनी मारची गिटार ऐका, एका माणसाची चार माणसं वाटतात. सोलो असा कुठे घेतच नाही, गाण्याच्या अंगाअंगात गिटार पेरून ठेवली आहे. माझं मत याला.

जुना_व्हीआरसीई
वाचून फार बरं वाटून राहिलं. आमच्या काळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, कॉलेज व्हीआरसीई होतं, व्हीएनआयटी व्हायचं होतं. होस्टेलवर एखाद्याचा भाऊ मुंबईहून कॅसेट आणायचा आणि ती पूर्ण मजल्यावर फिरायची. रॉक स्ट्रीट जर्नल नावाचं मासिक होतं, १९९३ साली अलाहाबादहून अमित सैगलने सुरू केलेलं. त्यात वाचायचं की दिल्लीला परिक्रमा नावाचा बँड आहे, मुंबईला रॉक मशीनचं इंडस क्रीड झालं, इंडिपेन्डन्स रॉकमध्ये कोण वाजलं. वाचायला मिळायचं, ऐकायला मिळायचं नाही. गाण्याचं वर्णन वाचून डोक्यात गाणं वाजवायचो.

म्हणून तुम्हा पोरांना हात जोडून सांगतो, आता सगळं ऐकायला मिळते तर आपल्या देशातलं पण लावा. माझ्याकडून इंडियन ओशन, 'कंदीसा', २००० सालचा. शीर्षकगीत अरामी भाषेतली प्राचीन प्रार्थना आहे, केरळच्या सीरियन ख्रिश्चनांकडची. 'मा रेवा' नर्मदेचं लोकगीत. बँडमधला राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता, ते गाणं त्याने नदीकाठच्या लोकांकडून घेतलं, हवेतून नाही. 'हिल्ले ले' गोरख पांडेंची कविता. आणि असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवता वाजवता गायचा. रॉक बँडमध्ये तबला, आणि कुठेच फ्युजनची कसरत वाटत नाही.

बेसवाला
काका कंदीसाला कडक +१. पण तो टाइम्स म्युझिकचा, नियमात बसत नाही बघा.

जुना_व्हीआरसीई
मग त्यांचाच '१६/३३० खजूर रोड' घ्या. २०१०. हा तर तुमच्या नियमापेक्षा पुढे आहे. कंपन्यांना कंटाळून त्यांनी दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर फुकट टाकलं, घ्या उतरवून. नाव म्हणजे दिल्लीच्या करोल बागेतल्या त्या जुन्या बंगल्याचा पत्ता जिथे ते वर्षानुवर्षं सराव करायचे. असीमचा आवाज असलेला शेवटचा अल्बम. तो डिसेंबर २००९ मध्ये गेला, गाणी लोकांपर्यंत पोचली ती नंतर. मला त्यातलं एकेक गाणं उतरवून घेतल्याचं आठवते. खरं सांगतो, तो गेल्यावर त्याचा आवाज दर महिन्याला घरी यायचा, कसं सांगू ते.

फुटाळाकाठ
काका, हे माहीतच नव्हतं. यादीत पक्का.

पुण्यात_अडकलेला
मी सध्या पुण्यात, त्यामुळे बैठकीला येऊ शकत नाही आणि जळफळाट होतो आहे. इथे २०१० पासून एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव आला, त्याने माझे कान उघडले. पण एक सांगतो, मैदानात दोन गाणी ऐकली की लगेच दुसऱ्या स्टेजकडे पळापळ. तुमची बैठकच मला जास्त आवडली.

माझा अल्बम पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बिस्मिल्ला', २०१९. दिल्लीचे. सूर्यकांत साहनीचा आवाज ऐकून वाटते कोणी जुन्या काळचा क्लब सिंगर आहे, ट्रम्पेट आहे, डिस्को आहे, मध्येच लग्नाच्या वरातीचा वास आहे. 'मेमरी बॉक्स' आठ मिनिटांचं आहे आणि आठही मिनिटं पाय थांबत नाही. 'फ्लोटेड बाय' ऐकून मी आईला फोन केला होता, कारण काही नव्हतं, नुसतं बोलावंसं वाटलं.

सदरबाजार
लोकल ट्रेन कोणीच नाही म्हटलं? 'आलस का पेड', २०१५. 'छू लो' म्हणजे आमच्या होस्टेलचं राष्ट्रगीत. इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांना गिटार हातात घ्यायला कोणी लावलं तर या बँडने. नंतरचा 'वाकिफ' २०१८ चा, तो पण जबरदस्त. गायक रमन नेगीने २०२२ मध्ये बँड सोडला तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस कोणी काही बोललं नाही.

कोरडा_पाऊस
@सदरबाजार गाणी गोड आहेत, मान्य. पण सलग अल्बम म्हणून ऐकलास का कधी? मला ते सगळं एकाच उंचीवर वाटते. चढ-उतार नाही. फुटाळाकाठने क्रमाचं म्हटलं न, तो क्रम तिथे दिसत नाही मला.

सदरबाजार
@कोरडा_पाऊस मी ट्रेनने मुंबईला जाताना वर्ध्यापासून भुसावळपर्यंत हाच लावून जायचो, एकदा संपला की पुन्हा. तुला चढ-उतार नाही दिसला, मला दिसला. तू स्मिथ्स ऐक, मी हे ऐकतो, दोघं रविवारी शेजारी बसू.

कोरडा_पाऊस
@सदरबाजार बसू. आणि मी मन लावून ऐकेन, शब्द देतो.

उमरेडकर
राजेहो, तुमच्या इंग्रजी बँडाईचे नाव मी पयल्यांदाच वाचून रायलो, पन वाचाले मजा येऊन रायली. एक इचारू का? एवढे पन्नास नावं झाले, त्यात मराठी एक बी नाही. काहून? मले कोनी मराठी रॉक सांगा न बाप्पा, मी रविवारी उमरेडहून गाडी घेऊन येतो.

मेघा_रामदासपेठ
@उमरेडकर भाऊ, एकदम वर्मावर बोट ठेवलं. मला पटकन आठवते ते अभंग रिपोस्ट, मुंबईचे. तुकोबांचे, ज्ञानोबांचे अभंग बेस गिटार आणि ड्रमवर. संदीप खरे - सलील कुलकर्णींनी २००३ पासून 'आयुष्यावर बोलू काही' गावोगाव केलं, स्वतःची कविता, स्वतःची चाल, पेटी आणि गिटार, तो कार्यक्रम वसंतराव देशपांडे सभागृहात ऐकलेले इथे कितीतरी असतील. पण रॉक नाही म्हणता येणार त्याला. गिटार प्लग लावून, मराठीत नवीन लिहिलेली दहा गाणी, एक अल्बम, असं फार कमी आहे आणि ते मला सलते.

बेसवाला
बंगाल्यांकडे बघा. मोहिनेर घोडागुली, कलकत्ता, १९७५ च्या आसपासचा बँड. पहिली रेकॉर्ड १९७७ ला काढली. नाव जीवनानंद दासांच्या कवितेतून घेतलं. तेव्हा कोणी फार विचारलं नाही, पण नव्वदीत त्यांची गाणी नव्या पोरांनी गायली आणि आज प्रत्येक बंगाली बँड त्यांचं नाव घेतो. कवितेपासून सुरू झालं न ते? मग आपल्याकडे ग्रेस आहेत. इथले, आपल्या नागपूरचे. मॉरिस कॉलेजात शिकवायचे. 'वाऱ्याने हलते रान'ला साहित्य अकादमी मिळाला. हृदयनाथांच्या चाली अजरामर आहेतच, पण त्यांच्या कितीतरी कवितांना अजून कोणी हात लावला नाही. तो अंधार, तो पाऊस, ती आई, त्याच्याखाली डिस्टॉर्शन (गिटारचा फाटका, खरखरीत आवाज) लावून बघा.

कोरडा_पाऊस
ग्रेस आणि रिव्हर्ब, म्हणजे तो घुमणारा आवाज. मी रडेन. फक्त घरच्यांची रीतसर परवानगी घ्या आधी, कवितेचे हक्क असतात.

पुण्यात_अडकलेला
मल्याळीत अवियल ऐका, २००८ चा पहिला अल्बम. शब्द कळत नाही, पण 'नडा नडा' लागलं की अंगात येते. भाषा कळलीच पाहिजे असं नाही, पण त्यांनी ती सोडली नाही हे महत्त्वाचं.

तर्री_प्रेमी
उमरेडहून येणाऱ्याने तिथला चिवडा आणावा, मग आपण मराठी बँडच काढू. मी खंजिरी वाजवतो.

जुना_व्हीआरसीई
@तर्री_प्रेमी खंजिरी हसण्यावारी नेऊ नका. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन उभे राहिले की हजारोंचा जमाव ताल धरायचा. एक माणूस, एक खंजिरी, एक आवाज. मोझरीला जाऊन भजन ऐका एकदा, ड्रमरने शिकावं असा ताल आहे तो.

निळी_पाखरं
बऱ्याच वेळापासून वाचत होते, आता लिहितेच.

तुम्ही सगळे म्हणताय नागपुरात स्वतंत्र संगीत नाही, मराठीत नाही. मला पटत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आला आहात का? पुस्तकांच्या रांगा सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांच्या बाजूला कॅसेटचे, नंतर सीडीचे स्टॉल असायचे. भीमगीतं. वस्तीतला गायक, त्याचाच कवी, ढोलकी, पेटी, बेंजो, छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, स्वतः पैसे घालून कॅसेट भरायची आणि स्वतः स्टॉलवर उभं राहून विकायची. ना मोठी कंपनी, ना जाहिरात. तुमच्या पहिल्या पोस्टमधली व्याख्या वाचा, एकही शब्द न बदलता ती इथे लागू होते. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गायले, २००४ मध्ये गेले, त्यांची गाणी आजही घराघरात पाठ आहेत आणि ती कोणत्या लेबलने पोचवली नाहीत, माणसांनी पोचवली.

माझ्या बाबांकडे अशा कॅसेटची पेटी आहे. एका कॅसेटच्या कव्हरवर गायकाचा पासपोर्ट फोटो चिकटवून झेरॉक्स केलेला आहे, खाली निळ्या पेनाने गाण्यांची नावं. ए बाजूला सुरुवातीला वंदना, मग बाबासाहेबांच्या जीवनावरची गाणी जन्मापासून क्रमाने, बी बाजू १४ ऑक्टोबर १९५६ वर येऊन थांबते. अल्बम म्हणजे काय तर हेच. एक गाणं मधूनच काढून ऐकलं तर गोष्ट तुटते.

आणि रॉकच पाहिजे असेल तर धम्मा विंग्स ऐका, कबीर शाक्यचा बँड, बुद्ध आणि बाबासाहेबांचे विचार रॉकमध्ये. चेन्नईचं कास्टलेस कलेक्टिव ऐका, पा. रंजित आणि तेन्मा यांनी उभं केलेलं, गाना (चेन्नईच्या वस्त्यांमधलं लोकसंगीत), रॅप, रॉक एकत्र. मी रविवारी आले तर स्मिथ्सपण ऐकेन, आवडते मला. पण माझ्या बाबांची कॅसेटपण वाजली पाहिजे.

उमरेडकर
ताई, मनातलं बोलल्या. आमच्या गावात जयंतीले वामनदादाईचे गाने रातभर चालतात. मी तं ते ऐकूनच मोठा झालो. त्याले अल्बम म्हनतात हे आज समजलं.

बेसवाला
@निळी_पाखरं ती कॅसेट नक्की आणा. तो बेंजो आणि ढोलकीचा जो पॅटर्न असतो न, मी लहानपणी मिरवणुकीत ऐकलेला, तो बेसवर वाजवायचा माझा विचार फार दिवसांपासून आहे.

मेघा_रामदासपेठ
बझकॉक्सने १९७७ मध्ये मँचेस्टरला पाचशे पाउंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' हा ईपी स्वतः छापला आणि सगळं जग त्याला इंडीची सुरुवात म्हणते. आपल्याकडे लोकं वर्षानुवर्षं तेच करत होते आणि आपण त्याची साधी यादीसुद्धा ठेवली नाही. कोणी ठेवायला घेत असेल तर मी मदत करते, मनापासून.

निळी_पाखरं
@मेघा_रामदासपेठ मी घेते. बाबांच्या पेटीपासून सुरू करू, गायक, कवी, वर्ष, जे जे कव्हरवर असेल ते.

सदरबाजार
मूळ प्रश्नावर या रे सगळे. पहिला कोणता ते ठरलं का?

फुटाळाकाठ
ठरवून टाकते, नाहीतर भांडणातच पावसाळा येईल.

पहिला रविवार: निळी_पाखरं यांच्या बाबांची कॅसेट, ए आणि बी दोन्ही बाजू. बाबांनाही घेऊन या, आईला सांगून ठेवते. दुसरा रविवार '१६/३३० खजूर रोड', काका आधी पाच मिनिटं बोलतील. तिसरा 'अननोन प्लेझर्स', बेसवाल्याने बेस आणावा पण अल्बम चालू असताना वाजवू नये. चौथा 'आलस का पेड' आणि सदरबाजार-कोरडा पाऊस शेजारी शेजारी. माझा 'फ्युनरल' त्याच्या नंतर, मला घाई नाही. स्ट्रोक्स, पीटर कॅट, स्मिथ्स पुढच्या महिन्यात. पोहे मी करते, तर्री बाहेरून.

अडचण एकच. माझ्याकडे ब्लूटूथ स्पीकर आहे, कॅसेट प्लेयर नाही.

जुना_व्हीआरसीई
माझ्याकडे टू-इन-वन आहे. पण बेल्ट ढिला झाला आहे, गाणं ओढल्यासारखं वाजते. हेड मी स्पिरिट आणि कापसाने पुसून घेतो. बेल्ट कुठे मिळेल सांगा कोणी.

बेसवाला
काका, बर्डीला मोदी नंबर तीनमध्ये विचारून बघतो उद्या. जुना बेल्ट काढून पाकिटात ठेवा, मापाला लागेल. संध्याकाळी ऑफिसहून येताना तुमच्याकडून घेतो, फक्त घर कुठे ते मेसेज करा.

जुना_व्हीआरसीई
केला. सातनंतर या, तोवर मी फिरायला गेलेलो असतो.